आजारपणात मन का खचते?

"डॉक्टर, ताप जाऊन दहा दिवस झाले. प्लेटलेट वाढल्या, रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. पण कशातच मन लागत नाही. कुणाशी बोलावंसं वाटत नाही, उगाच रडू येतं." डेंग्यू, चिकुनगुनिया किंवा फ्लूची साथ येऊन गेली की पुढचा महिनाभर अशी तक्रार घेऊन रुग्ण दवाखान्यात येतच राहतात. सोबत आलेले नातेवाईक बहुधा मध्येच बोलतात, "काही नाही हो डॉक्टर, मनावर घेतलंय त्यांनी. जरा उठून फिरायला सांगा."

हे 'मनावर घेतलंय' प्रकरण आज नीट समजून घेऊ या. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आजारपणात येणारी उदासी, चिडचिड आणि घालमेल यांचा बराच मोठा भाग त्या आजाराचाच, म्हणजे आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेच्या कामाचा, परिणाम असतो. म्हणून त्याबद्दल रुग्णाला बोल लावणे अन्यायाचे आहे. आणि आम्ही डॉक्टरांनी त्याची चौकशीच न करणे म्हणजे उपचार अर्धवट सोडणे आहे. वजन, ताप, बीपी आम्ही प्रत्येक भेटीत पाहतो, तशी मनाचीही विचारपूस व्हायला हवी. असे मी का म्हणतो, ते पुढे वाचा.

आजारी माणूस असा का वागतो?

फ्लू झाला की काय होते ते आठवून पाहा. अंग मोडून येते, पांघरूण घेऊन पडून राहावेसे वाटते, तोंडाची चव जाते. एवढे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच दिवसांत आवडती मालिका लावली तरी बघवत नाही, नातवंडांचा गोंगाट सहन होत नाही, भेटायला आलेले पाहुणे कधी जातात असे होते आणि रात्री नको नको ते विचार येतात. पहिली लक्षणे आपण तापाच्या खात्यात टाकतो आणि दुसरी स्वभावाच्या खात्यात. खरे तर दोन्हींचा उगम एकच आहे.

जनावरांचेही असेच असते. आजारी गाय चारा सोडते आणि कळपापासून बाजूला उभी राहते. आजारी कुत्रा कोपऱ्यात वेटोळे करून पडतो, शेपूट हलवत नाही. मांजर अंग चाटायचे सोडते. ही लक्षणे म्हणजे निव्वळ अशक्तपणा, असेच पूर्वी समजत. १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यकाने वेगळा विचार मांडला. त्याचे म्हणणे असे, की हे वागणे म्हणजे शरीराने ठरवून केलेली काटकसर आहे. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायचे तर साधारण १० ते १३ टक्के जास्त ऊर्जा लागते. ही ऊर्जा आणायची कुठून? हिंडणे, फिरणे, खेळणे, इतरांत मिसळणे हे सगळे काही दिवस बंद ठेवून. पडून राहिलो, एकटे राहिलो की ऊर्जाही वाचते आणि आजार इतरांना लागण्याची शक्यताही कमी होते. शास्त्रज्ञ याला 'सिकनेस बिहेविअर' म्हणतात. आपण 'आजारपणाचे वागणे' म्हणू.

म्हणजे तापात काही करावेसे न वाटणे हा आळस नाही. शरीराने तात्पुरता लावलेला तो ब्रेक आहे. पण हा ब्रेक लावतो कोण?

सायटोकाईन्स म्हणजे काय?

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी शरीरभर गस्त घालत असतात. जंतू दिसला की त्या एकमेकींना निरोप देतात. निरोप द्यायला त्या काही छोटी प्रथिने सोडतात. त्यांना सायटोकाईन्स म्हणतात. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा, इंटरफेरॉन ही त्यांतली काही नावे. कोविडच्या काळात 'सायटोकाईन स्टॉर्म' हा शब्द आपण ऐकला असेल, ती हीच मंडळी.

"इकडे या, जंतू सापडला," "ताप वाढवा," "आता पुरे, थांबा," असे वेगवेगळे निरोप ही प्रथिने देतात. काही सायटोकाईन्स दाह वाढवतात, म्हणजे लाली, सूज, वेदना आणि ताप आणतात. काही, उदाहरणार्थ इंटरल्युकिन-१०, दाह शमवतात. दोन्हींचा तोल साधला की जंतू मरतो आणि शरीरही शाबूत राहते.

मेंदू या सगळ्यापासून अलिप्त असतो असे बरीच वर्षे मानले जात होते, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो. तो रक्तातले बरेच पदार्थ मेंदूत जाऊ देत नाही. सायटोकाईन्सचे रेणूही आकाराने मोठे असतात, ते सहजासहजी आत शिरत नाहीत. तरीही त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतोच.

निरोप मेंदूत कसा पोचतो?

याच्या तीन मुख्य वाटा आता चांगल्या माहीत झाल्या आहेत.

पहिली वाट नसेची. व्हेगस नावाची लांब नस मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसे आणि पोटातल्या अवयवांपर्यंत जाते. पोटात दाह झाला की ही नस तो निरोप विजेच्या वेगाने वर पाठवते. उंदरांवरच्या प्रयोगांत ही नस कापली, तेव्हा पोटात इंटरल्युकिन-१ टोचूनही त्यांचे आजारपणाचे वागणे बरेच कमी झाले.

दुसरी वाट रक्तवाहिन्यांची. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सायटोकाईन्स बाहेरूनच 'दार वाजवतात'. ते अस्तर मग आतल्या बाजूला प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन सोडते. मेंदूतले तापमानाचे केंद्र त्यामुळे ताप वाढवते. पॅरासिटामॉल घेतल्यावर ताप उतरतो, तो प्रोस्टाग्लँडिन तयार होणे कमी झाल्यामुळे.

तिसरी वाट पडद्यातल्या विरळ जागांची. मेंदूत काही ठिकाणी हा पडदा जरा झिरझिरीत असतो, तिथून थोडी सायटोकाईन्स थेट आत जातात.

आत निरोप पोचला की मेंदूतल्या स्वतःच्या संरक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, जाग्या होतात आणि त्याही सायटोकाईन्स सोडू लागतात. याचे दोन परिणाम मनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

एक, आपल्या आहारातल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून मेंदू सेरोटोनिन बनवतो. मनःस्थिती, झोप आणि भूक यांच्याशी सेरोटोनिनचा संबंध आहे. दाह असताना ट्रिप्टोफॅनचा बराच भाग दुसऱ्याच रस्त्याला लागतो आणि त्यापासून कायन्युरेनिन नावाचा पदार्थ बनतो. त्यापुढे तयार होणारे काही पदार्थ चेतापेशींना त्रासदायक असतात.

दोन, आनंद आणि उत्साह यांच्याशी जोडलेले डोपामिन मेंदूच्या काही भागांत कमी पडते. मग आवडत्या गोष्टीतही गोडी वाटत नाही. "करावंसंच वाटत नाही" हे रुग्णाचे वाक्य या बदलाचे अगदी अचूक वर्णन आहे.

हे माणसांमध्ये कशावरून?

उंदरांचे ठीक आहे, पण माणसांचे काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. यावरचे सगळ्यात बोलके उत्तर एका औषधाने दिले.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये लागला. पुढे ते इंजेक्शनच्या रूपात तयार करता आले आणि हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर अनेक वर्षे तेच मुख्य औषध होते. सहा महिने ते वर्षभर ही इंजेक्शने चालत. लक्षात घ्या, हे काही बाहेरचे विष नव्हे. आपल्याच शरीरात बनणारे सायटोकाईन, फक्त जास्त प्रमाणात दिलेले. तरीही उपचार घेणाऱ्या साधारण चार रुग्णांपैकी एकाला या काळात नैराश्य येत असे. काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही येत. यांतले बरेच जण आधी मनाने ठणठणीत होते. २०१३ नंतर हिपॅटायटिस सी वर थेट विषाणूला मारणाऱ्या गोळ्या आल्या आणि इंटरफेरॉनची गरज जवळजवळ संपली, पण त्या रुग्णांनी वैद्यकशास्त्राला फार मोठी गोष्ट शिकवली.

२००१ मध्ये अमेरिकेत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ४० रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना मोठ्या मात्रेत इंटरफेरॉन द्यायचे होते. अर्ध्या रुग्णांना दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटीन ही नैराश्यावरची गोळी सुरू केली, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. औषध नसलेल्या गटात ४५ टक्के रुग्णांना नैराश्य आले, औषध घेणाऱ्या गटात ११ टक्क्यांना.

या रुग्णांच्या बारकाईने केलेल्या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. थकवा, भूक मंदावणे, झोप बिघडणे ही लक्षणे पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होत. उदासी, घालमेल, विसरभोळेपणा ही नंतरच्या आठवड्यांत दिसत. नैराश्याची गोळी उदासीवर चांगली लागू पडे, थकव्यावर फारशी नाही. आजारपणानंतर मन सावरले तरी अशक्तपणा रेंगाळतो, हा आपल्याकडच्या अनेकांचा अनुभव यामुळे समजायला मदत होते.

त्याच वर्षी जर्मनीतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २० निरोगी पुरुषांना जिवाणूच्या आवरणातला एक घटक अगदी अल्प मात्रेत टोचला. जंतुसंसर्ग नव्हता, फक्त रोगप्रतिकार यंत्रणेला हूल दिली होती. काही तासांतच त्यांच्या रक्तातली सायटोकाईन्स वाढली आणि त्यासोबत चिंता आणि उदासीही वाढली, स्मरणशक्तीच्या चाचण्यांत गुण कमी पडले. ना घरची काळजी, ना आजाराची भीती. तरीही मन खाली गेले.

अलीकडे, २०२५ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि हार्वर्ड मेडिकल स्कूल इथल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेले एक काम प्रसिद्ध झाले. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो, भीती आणि चिंता यांच्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. तिथल्या काही चेतापेशींवर सायटोकाईन्सचा निरोप घेणारी 'कुलपे' सापडली. इंटरल्युकिन-१७ तिथे पोचले की त्या पेशी जास्त उत्तेजित होतात आणि उंदीर घाबरट वागतात. इंटरल्युकिन-१० पोचले की त्याच पेशी शांत होतात. एकाच जागी एक्सिलरेटर आणि ब्रेक, दोन्ही रोगप्रतिकार यंत्रणेच्या हातात! उंदरांतले निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत, हे खरे. पण जंतूंशी लढणारे रेणू चेतापेशींशी थेट बोलू शकतात, हे यातून स्पष्ट होते.

दीर्घ आजारांत हा ब्रेक सुटतच नाही

फ्लूचा ताप चार दिवसांचा. ब्रेक लागतो, सुटतो. चिकुनगुनियात सांधेदुखी काही महिने रेंगाळते, तसे मनही रेंगाळते. पण ज्या आजारांत दाह वर्षानुवर्षे चालू राहतो, तिथे काय होत असेल?

संधिवाताचा एक प्रकार, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस, घ्या. यात रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. सोरायसिसमध्ये त्वचेवर. या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळते. वेदना, लोकांच्या नजरा, कामाची अडचण ही कारणे आहेतच. पण रक्तातली सायटोकाईन्सही त्यात भर घालतात. डेन्मार्कमध्ये ३५ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल व्हावे लागेल असा जंतुसंसर्ग होऊन गेलेल्यांत पुढे नैराश्यासारखे मनोविकार होण्याचा धोका ६२ टक्क्यांनी, तर स्वतःच्याच शरीरावर हल्ला करणाऱ्या आजारांच्या रुग्णांत ४५ टक्क्यांनी जास्त दिसला.

आपल्याकडे टीबीचे उदाहरण सर्वांत जवळचे. टीएनएफ या सायटोकाईनला एकेकाळी 'कॅशेक्टिन', म्हणजे शरीर झिजवणारा पदार्थ, असे नाव होते. टीबीत वजन उतरते, भूक मरते, त्यात याचा हात आहे. हेच रेणू मनावरही ओझे टाकतात. त्यात समाजातला कलंक, रोजगार बुडणे, लग्नाची चिंता. शिवाय टीबीच्या काही औषधांनी, विशेषतः औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत वापरल्या जाणाऱ्या सायक्लोसेरिनने, मनःस्थिती बिघडू शकते. किमान सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या आणि मन म्हणते, "कशाला?" उपचार मध्येच सोडण्याची अनेक कारणे असतात, त्यांत हे 'कशाला'ही असते. सरकार टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी आता दरमहा १००० रुपये देते. ही चांगली गोष्ट आहे. त्याच रुग्णाला महिन्यातून एकदा "मन कसं आहे?" हा प्रश्न विचारायला पैसाही लागत नाही.

मेंदू आणि रोगप्रतिकार यंत्रणेचा हा रस्ता एकेरी नाही, हेही लक्षात ठेवा. मनावरचा ताण उलट दिशेने शरीरावर परिणाम करतो. १९९५ मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर चाचणीसाठी छोटी जखम केली. ती भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. घरात दीर्घ आजारी माणूस असेल तर त्याची सेवा करणाऱ्या सुनेची, मुलीची, बायकोची चौकशीही तितकीच गरजेची आहे, ती यामुळे.

मग सगळे नैराश्य म्हणजे दाहच का?

नाही. हे इथे ठळकपणे सांगायला हवे, कारण हल्ली दुसऱ्या टोकाचे दावेही ऐकू येतात. नैराश्याच्या साधारण चार रुग्णांपैकी एकातच सीआरपी, म्हणजे दाह मोजणारी रक्ततपासणी, ३ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त सापडते. बाकीच्यांत ती सामान्य असते. म्हणजे बहुतेकांच्या नैराश्याची कारणे इतरत्र आहेत. दुःख, कर्ज, घरातला छळ, आनुवंशिकता, व्यसन, थायरॉइड, अशी कितीतरी.

दाह कमी केला की नैराश्य जाते का, हेही तपासले गेले. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रोखणारे औषध इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांमध्ये वापरून पाहिले. २०१३ च्या या अभ्यासात एकूण गटाला औषध नसलेल्या सलाईनपेक्षा काहीच जास्त फायदा झाला नाही. ज्यांचे सीआरपी आधीपासून ५ पेक्षा जास्त होते त्यांना फायदा होण्याकडे कल दिसला. ज्यांचे कमी होते त्यांच्यात उलट सलाईनचाच गट बरा राहिला.

शिवाय सायटोकाईन्सशी खेळणे हा पोरखेळ नव्हे. सोरायसिसवरच्या ब्रोडालुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये परवानगी मिळाली, तीच आत्महत्येच्या विचारांबद्दलच्या ठळक इशाऱ्यासह. तसे विचार औषधामुळेच आले असे सिद्ध झालेले नाही, पण सावधगिरी म्हणून इशारा दिला गेला. स्टेरॉइड दाह झटपट कमी करतात, पण त्यांनीही काहींना झोप न लागणे, चिडचिड, अति उत्साह किंवा उदासी येते. तेव्हा "दाहामुळे उदास वाटतंय" असे वाचून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. त्या जठराला आणि किडनीला त्रास देतात. डेंग्यूत तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने रक्तस्त्रावाचा धोका वाढतो.

आणि 'इम्युनिटी' वाढवायची का?

कोविडनंतर प्रत्येक दुकानात 'इम्युनिटी बूस्टर' आले. काढे, कॅप्सूल, बिस्किटेसुद्धा. आजारातून उठलेला, खचलेला माणूस यांचे सोपे गिऱ्हाईक असतो. आता वरची सगळी माहिती ध्यानात घेऊन विचार करा. इंटरफेरॉनचे इंजेक्शन म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेला दिलेला खराखुरा 'बूस्ट' होता, आणि त्याने चारांतल्या एकाला नैराश्य आले! संधिवातात, सोरायसिसमध्ये ही यंत्रणा कमी नाही, नको तिथे जास्त चालते. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की जितकी भरेल तितकी चांगली. ती तोलाची गोष्ट आहे. तिचा तोल राखायला पुरेशी झोप, साधे सकस जेवण, रोजचे चालणे, तंबाखू-दारू बंद आणि वेळेवर लस एवढे पुष्कळ आहे. पैसे उरले तर फळे घ्या.

आपण काय करायचे?

रुग्णांसाठी:

- तापानंतर एक-दोन आठवडे गळल्यासारखे, उदास वाटणे हे बहुतेकांना होते आणि हळूहळू जाते. स्वतःला दोष देऊ नका. कामावर एकदम उडी न घेता रोज थोडे थोडे वाढवा. आज अंगणात, उद्या कोपऱ्यापर्यंत.
- स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होते का? कुठल्याच गोष्टीत रस वा आनंद वाटेनासा झाला आहे का? यांतल्या एकाचेही उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.
- "मी सगळ्यांना ओझं झालोय", "जगून काय उपयोग" असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येते.
- टीबी, संधिवात, सोरायसिस, मधुमेह यांची औषधे मन खचले म्हणून बंद करू नका. मूळ आजार आटोक्यात आणणे हाही मनावरचाच उपचार आहे. एखाद्या औषधाने मनःस्थिती बिघडली असे वाटले तर सांगा, ते बदलता येते.
- नैराश्यावरची गोळी सुचवली तर घाबरू नका. इंटरफेरॉनच्या रुग्णांत कारण शारीरिक होते, तरीही ती गोळी उपयोगी पडली.

घरच्यांसाठी:

- "नाटकं करतो", "मन घट्ट कर", "पॉझिटिव्ह विचार कर" हे तीन शब्दप्रयोग आजारी माणसासमोर टाळा. १०२ ताप असलेल्याला आपण "ताप घट्ट कर" म्हणत नाही.
- एकटे राहावेसे वाटणे हा आजारपणाचा भाग आहे, म्हणून जबरदस्तीने पाहुण्यांत बसवू नका. पण पूर्ण एकटेही सोडू नका. मऊ भात घेऊन शेजारी दहा मिनिटे गप्प बसलात तरी पुरते.
- उदासी वाढत चालली, जेवणखाण, आंघोळ सुटली, बोलण्यात मरणाचे विषय येऊ लागले, तर स्वतः सोबत घेऊन डॉक्टरांकडे या.

माझ्या व्यवसायबंधूंसाठी:

- वरचे दोन प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. दीर्घ दाहाच्या प्रत्येक रुग्णाला ते प्रत्येक भेटीत विचारावेत. उत्तर 'हो' आले तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर तपासावी, चालू औषधांवर नजर टाकावी, आणि गरज असेल तिथे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला संकोच करू नये. फक्त नैराश्य शोधण्यासाठी सायटोकाईन्सच्या महागड्या तपासण्या लिहू नयेत. साधी सर्दी झाली तरी हे आकडे वर जातात. आजच्या घडीला त्यांवरून उपचार ठरवता येत नाहीत.

"तुमच्या आईचे मन खचलेय, कारण शरीर अजून लढतेय" एवढे एक वाक्य मुलाला समजावून सांगितले, तर घरातले निम्मे शब्दांचे फटके थांबतात. ज्यांना संधिवात, टीबी, सोरायसिस किंवा नुकताच मोठा ताप होऊन गेला आहे अशी एखादी व्यक्ती आपल्या घरात असेल, तर आज तिला औषध घेतले का हे विचारताना मन कसे आहे हेही विचारा, आणि तिचे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.